बांधणाऱ्याची मजुरी आणि बँकेचे गहाण

(औंध येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



याच औंध संस्थानात १९३९ साली गावपंचायतींच्या हाती कारभार व न्यायदान सोपविणारी घटना अमलात आली. त्या काळी कारागीर आणि घरधनी बहुधा एकाच पंचक्रोशीतले असत. मजुरी थकली तर पंचांपुढे दोघेही समोरासमोर उभे राहात. आज आपली मुले पुण्या-मुंबईस इमारतींची कंत्राटे घेतात. तेथे घरधन्याच्या जागी विकसक असतो, आणि त्याच्यामागे ती जमीन गहाण घेतलेली बँक असते.

आपल्यातील एका तरुणाने अशीच एक इमारत पुरी केली. शेवटची तीन बिले थकली, विकसकाने हात वर केले आणि बँकेने इमारत ताब्यात घेतली. मजुरांचे पगार त्याने पत्नीचे दागिने मोडून दिले. “भिंती माझ्या हातच्या, मग बँकेकडे पैसे का मागू नयेत?” असे त्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र कटू आहे.

अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १७९१ साली, वॉशिंग्टन नगर वसविले जात असता, कारागिराच्या थकलेल्या पैशाचा बोजा त्या इमारतीवरच ठेवणारा कायदा केला. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यान्वये दुरुस्तीस दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवता येते. जमिनीवरील इमारतीस तो हक्क लागत नाही. बँकेशी आपला करार नसल्याने तिच्यावरील थेट दावाही सहसा टिकत नाही. उलट २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, गहाण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली विकसक कंपनीविरुद्ध अर्ज करता येतो. परंतु २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते; कामाविषयी आधीचा खरा वाद असल्यास अर्ज टिकत नाही; आणि कंपनी मोडीत निघाली तर वाटपात तारणधारक बँक आपल्यापुढे असते.

म्हणून खरा उपाय पाया खणण्यापूर्वीच करावयाचा असतो. कामाचे हप्ते बँकेने परस्पर आपल्या खात्यात भरावेत, असा विकसक, बँक व आपण यांचा त्रिपक्षीय करार मागावा. बँकेने स्वतः लेखी हमी दिली, तरच तिच्याविरुद्ध दाव्यास आधार मिळतो. कंपनीच्या संचालकांची वैयक्तिक हमी घ्यावी. मोजमाप-वहीवर प्रत्येक वेळी अभियंत्याची सही घ्यावी. दाव्याची मुदत सामान्यतः काम झाल्यापासून तीन वर्षे असते. त्या मुदतीत थकबाकीची सहीनिशी कबुली मिळाल्यास ती नव्याने मोजली जाते.

त्या तरुणाजवळ बँकेचे पत्र नव्हते, पण सह्यांची वही होती. तिच्या आधारे विकसकाविरुद्ध त्याचा दावा उभा आहे. मंडळाने नवोदित कंत्राटदारांचे करार सहीपूर्वी वाचून देणारी एक समिती नेमावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.