मण्यांची माळ आणि द्राक्षांचा घोस

मागच्या संक्रांतीला आमच्या गटाला हळदीकुंकवासाठी पेढ्यांची ऑर्डर मिळाली. पेढे आदल्या संध्याकाळी वळले, रात्रभर परातीत झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी खाऊन दोन-तीन तासांत अकरा जणींना उलट्या! खवा चांगला परतलेला, वास नाही, चव बिघडलेली नाही. मग कुणालातरी आठवलं, वळणाऱ्या एकीच्या बोटावर गळू होतं.

पुढे तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा दाखवल्या. पहिल्या काचेवर दह्याचा थेंब. त्यात जांभळ्या मण्यांच्या माळा आणि मध्ये मध्ये काड्या. हेच आपलं विरजण! दुसऱ्या काचेवर गळवातल्या पुवाचे जिवाणू. तेही गोल मणीच, पण माळ नाही. द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले.

असं का होतं? जिवाणू एकाचे दोन होऊन वाढतात. दर वेळी एकाच दिशेने दुभंगले आणि सुटे झाले नाहीत, तर माळ होते. वाटेल त्या दिशेने दुभंगले, तर घोस. एकेक मणी एवढा बारीक, की हजार ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. स्कॉटलंडच्या ऑगस्टन नावाच्या शस्त्रवैद्याने 1882 साली या घोसवाल्यांना स्टॅफिलोकोकस नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घोस.

नुसत्या आकारावरून चांगला-वाईट ठरत नाही बरं का. घसा सुजवणाऱ्या एका जिवाणूचीही माळच असते, आणि क्षयाचा जिवाणू काडीसारखा असतो. आकार ही डॉक्टरांसाठी पहिली खूण, पुढच्या तपासण्या वेगळ्या.

आमच्या पेढ्यांत काय झालं असावं, तेही बाईंनी सांगितलं. हा घोसवाला साखर-मीठ बऱ्यापैकी सोसतो. उबेत रात्रभर वाढतो आणि विष सोडतो. पदार्थ पुन्हा गरम केला तर जिवाणू मरतात, पण ते विष उकळूनही जात नाही.

ती मैत्रीण दोन महिने बैठकीला आली नाही. खरं तर तिला ‘बोट दाखव’ असं आम्ही कुणीच म्हटलं नव्हतं. शेवटी आम्हीच तिच्या घरी गेलो. आता कामाआधी सगळ्या जणी हात पुढे करतात, मीसुद्धा. फोड किंवा चिरलेलं बोट असेल, तिला त्या दिवशी हिशेबाची वही. मजुरी तेवढीच.