काट्यावर ‘डीबी’ लिहिलंय, पण कशाच्या मानाने?

इंदापूरच्या एका श्रोत्याने फोटो पाठवलाय. भंगारातून किलोच्या भावाने उचललेला, टेलिफोन खात्याच्या जमान्यातला लेव्हल मीटर. लोखंडी पेटी, काट्याची तबकडी, आणि तिच्यावर नुसतं ‘डीबी’. बारामतीला कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तो वापरायचाय. त्याचा प्रश्न असा, की शून्य डीबी म्हणजे नेमकं किती?

प्रश्न लाखमोलाचा आहे. डीबी ही मुळात तुलना. १० डीबी म्हणजे दहापट शक्ती, ३ डीबी म्हणजे जवळपास दुप्पट. पण कुणाच्या दुप्पट? तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे ९५ डीबीएम दिसतो ना, तिथला ‘एम’ हेच सांगतो: एक मिलिवॅटच्या मानाने. जुन्या मीटरवर हा ‘एम’ बऱ्याचदा नसायचाच. वापरणाऱ्याला ठाऊक असायचं, मग लिहायचं कशाला!

आता खरी गोम. काट्याला मिलिवॅट कळत नाही, त्याला कळतं फक्त व्होल्टेज. टेलिफोनवाले लाइन ६०० ओहमची धरायचे, आणि ६०० ओहममध्ये एक मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट. म्हणून तबकडीवर व्होल्टची दुसरी पट्टी आहे का ते आधी बघा. शून्य डीबीच्या समोर ०.७७५ आलं, तर ६०० ओहमवाला डीबीएम. बरोबर १ व्होल्ट आलं, तर डीबीव्ही, म्हणजे २.२ डीबीचा फरक. ०.२७४ आलं, तर ७५ ओहम. आणि १.७३ आलं, तर मीटर फार जुन्या अमेरिकी पद्धतीचा, ५०० ओहममध्ये ६ मिलिवॅट धरणारा. युरोपातल्या काही मीटरांवर तर ‘एनपी’ असतं. ते नेपर. १ नेपर म्हणजे ८.६८६ डीबी.

फोटोत ७५, १५०, ६०० असा नॉबही दिसतोय. इथे भले भले फसतात. काही मीटरांत नॉब फिरवला की आतला रोध बदलतो, पण तबकडी ६०० चीच राहते. मग ७५ वर काटा शून्य दाखवतो, तेव्हा खरी शक्ती आठ मिलिवॅट असते. म्हणजे ९ डीबीची चूक, आणि मीटर बिचारा अगदी ठणठणीत! शिवाय ६०० ओहमच्या सोर्सला मीटर हाय इम्पिडन्सवर ठेवून लावलात आणि लाइनच्या टोकाला ६०० चा रोध नसेल, तर व्होल्टेज दुप्पट दिसतं. म्हणजे ६ डीबी फुकट जास्त.

दुसरी पट्टीच नसेल तर? फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ४०० हर्ट्झचा सूर लावा आणि हेडफोनच्या वायरमधून मीटरला द्या. मीटर हाय इम्पिडन्सवर ठेवा. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून त्याच दोन टोकांना जोडा. मल्टिमीटर ४०० हर्ट्झला बरोबर दाखवतो. सूर फार वर नेलात तर स्वस्तातला मल्टिमीटर थापा मारायला लागतो. आवाज कमी-जास्त करत काटा उणे १० वर आणा. मल्टिमीटर ०.२४५ म्हणाला, तर ६०० वाला डीबीएम. ०.३१६ म्हणाला, तर डीबीव्ही. मग नॉब ७५ वर नेऊन हेच परत करा. तिथेही ०.२४५ च आलं, तर तबकडी बदलत नाही हे कळलं. ०.०८७ आलं, तर बदलते.

हे जुनं खूळ वाटत असेल, तर आत्ताच्या फायबरचं बघा. ऑप्टिकल पॉवर मीटरवर डीबी आणि डीबीएम अशी अदलाबदल करणारं बटण असतं. घरी आलेला पोरगा स्क्रीनवर उणे २० दाखवून ‘सिग्नल एकदम ओके’ म्हणाला, तर पुढे ‘एम’ आहे का ते बघा. उणे २० डीबीएम म्हणजे खरंच ओके. उणे २० डीबी म्हणजे आधी कधीतरी साठवून ठेवलेल्या कुठल्याशा आकड्याच्या शंभरावा भाग.

तर मित्रा, व्होल्टच्या पट्टीचा जवळून फोटो पाठव. आणि उत्तर सापडलं की चिकटपट्टीवर व्होल्ट आणि ओहम दोन्ही लिहून पेटीवर लाव. पुढच्या बॅचच्या पोरांना पुन्हा शोधायला नको.