पुस्तकांच्या कपाटाची किल्ली



मी प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून शाळेतल्या एका कपाटाविषयी बोलते. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत. पुष्कळ शाळांत हे ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. पुस्तकं बाहेर येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. गुरुजींना धास्ती असते, पुस्तक हरवलं तर रजिस्टरला काय उत्तर द्यायचं? मी म्हणते, पहिली-दुसरीच्या वर्गात फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. कोरं राहिलेलं पुस्तक वाया गेलं.

आपल्या मुलांचं आणखी एक आहे. घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मकतबात अरबी. सात वर्षांचं लेकरू डावीकडून आणि उजवीकडूनही वाचायला शिकतं. ही मोठी ताकद आहे. पण तेच मूल धडा खडाखडा वाचतं आणि ‘गोष्टीत काय झालं?’ विचारलं की गप्प होतं. अर्थ लागल्याशिवाय गोडी लागत नाही.

म्हणून मी रोज पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायचे. मध्येच थांबायचे, ‘अब क्या होएंगा?’ उत्तरं घरच्या बोलीत यायची. ती मी कधी दुरुस्त केली नाहीत. गोष्ट संपल्यावर प्रश्नोत्तरं नाहीत, तात्पर्य नाही. मग मुलं स्वतःच ते पुस्तक मागायची.

हा नुसता छंदाचा विषय नाही. चौथीपर्यंत जे मूल वाचतं होत नाही, त्याला पुढे इतिहासही परका आणि गणितातलं शाब्दिक उदाहरणही परकं. मग मुलगा गॅरेजवर दिसतो, मुलगी घरी बसते, आणि आपण म्हणतो, अभ्यासात मन नव्हतं.

तुम्ही काय कराल? जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदाच सांगतो. आपली आपा, भाभी, खाला तिथे असेल, तर तिला बैठकीत बोलायला सांगा, पुस्तकं मुलांना घरी न्यायला द्या. आणि रविवारी अर्धा तास गल्लीतली चार पोरं ओट्यावर घेऊन बसा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू गोष्टी फुकट मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त आहेत. तुमच्या हातातल्या मोबाईलवरही सुरुवात होते.

शाळा तुमच्या घराजवळच असेल. या आठवड्यात जा आणि सलाम-नमस्कार करून एवढंच विचारा, ‘सर, कपाटाची किल्ली कुणाकडे असते?’