कॅशे पुसा, पण डेटाला हात लावू नका!

आज बोलूया 'स्टोरेज फुल'बद्दल. कशेळ्याहून आंबिवलीकडे, पेठच्या किल्ल्याखाली गेलं की रेंज लपंडाव खेळते. त्यात घरात फोन एकच, तोही ३२ जीबीचा. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून भाताची नोंदही त्याच फोनवर, ई-पीक पाहणीत.

आता नीट ऐका. सेटिंग्ज, ॲप्स, मग ॲपचं स्टोरेज. तिथे दोन बटणं दिसतात. 'क्लिअर कॅशे' बिनधास्त दाबा. कॅशे म्हणजे ॲपने वेळ वाचवायला ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल्स. लागल्या की पुन्हा येतात. 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' मात्र ॲपला कोरं करतं. बांधावर रेंज नव्हती, म्हणून पाहणी फोनमध्येच सेव्ह केलीय, अपलोड बाकी आहे? मग ती गेली. पुन्हा शेतावर जा, पुन्हा फोटो काढा, तेही मुदत असेल तर. म्हणून आधी रेंजमध्ये येऊन अपलोड करा, मगच साफसफाई.

तसंही कॅशे पुसून मिळालेली जागा चार दिवसांत परत भरते. खरी जागा खातात व्हॉट्सॲपवरचे लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंग! व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या दिसतील. हवं ते ठेवा, बाकी उडवा. गॅलरीतून उडवलेलं ट्रॅशमध्ये पडून राहतं, तेही रिकामं करा.

आणि ते 'क्लीनर' ॲप? उगाच जाहिराती दाखवतं, वर स्वतःच जागा अडवतं. काढून टाका.