उसनी शस्त्रे



दोन प्राण्यांची तुलना करावयास सांगितली म्हणजे विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतो. एकीकडे ‘पाण्यात राहतो’, दुसरीकडे ‘झाडावर राहतो’ असे लिहितो. यादी पुरी होते. विचार मात्र सुरू होत नाही. दोहोंना एकच प्रश्न विचारला, तरच तुलना फलद्रूप होते.

‘ग्लॉकस’ ही उष्ण समुद्रांत पाण्याच्या पृष्ठभागी उलटी तरंगणारी, कवच नसलेली, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीची निळी गोगलगाय. ‘पिटोहुई’ हा न्यू गिनी बेटाच्या अरण्यातील काळ्या डोक्याचा, नारिंगी अंगाचा, साळुंकीएवढा पक्षी. वरवर पाहता दोहोंत काहीच साम्य नाही. आता प्रश्न विचारावा : शत्रूपासून यांचे रक्षण कशाने होते?

ग्लॉकस ‘ब्लू बॉटल’ या दंश करणाऱ्या समुद्रजीवाला खाते. त्याच्या शरीरातील विषाच्या सूक्ष्म कुप्या न फोडता ती आपल्या बोटांसारख्या अवयवांच्या टोकांशी साठवते. पिटोहुईच्या कातडीत व पिसांत बॅट्रॅकोटॉक्सिन हे विष असते. कोलंबियातील काही विषारी बेडकांतही तेच सापडते. या पक्ष्याच्या आहारातील लहान भुंग्यांत ते विष असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. एकीने तयार शस्त्र उचलले, दुसऱ्याने केवळ विष घेतले. परंतु दोघांचेही संरक्षण अन्नातून आलेले, म्हणजे उसने आहे. नाते दूरचे असले तरी गरज सारखी असू शकते, हे येथे विद्यार्थ्यास उमगते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १९८९ साली जॉन डम्बाकर या अभ्यासकाने पिटोहुईने ओरखडलेले बोट तोंडात घातले, तेव्हा त्याचे ओठ बधिर झाले. १९९२ साली या विषाची माहिती शास्त्रीय नियतकालिकात आली. परंतु हा पक्षी कातडी सोलल्यावाचून खाऊ नये, हे तेथील ग्रामस्थांना आधीच ठाऊक होते.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल वाहून येतात. त्यांना हात लावू नये, हे कोळ्याच्या मुलाला पुस्तकावाचून कळते. गुराख्याच्या मुलालाही गुरे कोणता पाला टाळतात, हे माहीत असते. असे मूल वर्गात गप्प बसले, तर दोष त्याच्या अज्ञानाचा नसून न विचारलेल्या प्रश्नाचा होय. म्हणून तुलनेची रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने प्रथम त्यालाच विचारावे.