सरपंचबाईंच्या फोनवर काय येतं



जिल्हा परिषदेच्या कामासाठी कर्जतहून अलिबागला जायचं तर सगळा दिवस मोडतो. निवडून आलेली बाई सकाळी निघाली, तरी परतेपर्यंत अंधार पडतो. मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "बाई कुणाच्या गाडीतून उतरली?" पाण्याची टाकी, घरकुलाची यादी, रस्त्याचं बिल, कशाबद्दलही त्यात एक अक्षर नसतं. रोख असतो तो तिच्या चारित्र्यावर. आधी कुजबुज, मग अनोळखी नंबरवरून शिव्या, आणि तरीही ती हटली नाही तर धमकी.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. जागा कायद्याने मिळाली, पण ती टिकवायला बाईला एकटीलाच झुंजावं लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असा आक्षेप घेऊन पदावरून काढलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की, एक बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही. आपल्याच रायगडमधल्या, रोहा तालुक्यातल्या ऐनघरच्या महिला सरपंचांचं प्रकरणही त्याच न्यायालयात गेलं. सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागावं! किती जणींना ते परवडेल?

सार्वजनिक जीवनातली बाई मुस्लिम असली, तर शिवी एकेरी राहत नाही. बाई म्हणून एक आणि धर्मावरून दुसरी. गोव्याच्या हसीबा अमीन काँग्रेसच्या समाजमाध्यमांचं काम पाहत. २०२१ च्या मे महिन्यात ट्विटरवर त्यांच्या नावाने लिलावाची बोली लावली गेली. पुढे १ जानेवारी २०२२ ला 'बुल्लीबाई' नावाचं ॲप आलं. त्यात शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'विक्रीला' लावले होते. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. जाहीरपणे बोलणाऱ्या बायका हेरून निवडल्या होत्या. मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच अटक केली. आदल्या जुलैत असाच एक प्रकार झाला होता. त्याचा गुन्हा दिल्लीत नोंदला गेला, पण सहा महिने एकालाही अटक झाली नव्हती. मुंबईने हात घातला तेव्हा कळलं की मनावर घेतलं तर माणूस सापडतो.

अॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या निवडणुकीच्या काळातली, ९५ महिला नेत्यांविषयीची ट्वीटं तपासली. सातांतलं एक ट्वीट त्रासदायक किंवा शिवीगाळीचं निघालं. मुस्लिम नेत्यांना धर्मावरून आणि वंशावरून झालेली शिवीगाळ इतर धर्मांच्या स्त्रियांपेक्षा ९४ टक्क्यांनी जास्त होती.

हे आकडे दूरचे वाटतील. पण नेरळच्या एखाद्या मुलीला नगरसेविका किंवा सरपंच व्हावंसं वाटलं, तर 'विक्रीला' लावलेले असे फोटो तिच्या आईने मोबाइलवर पाहिलेले असतात. आई म्हणते, "राहू दे गं, आपल्याला नको ते." माझ्या मते या धमक्यांचं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. एकीला दिलेली धमकी पन्नास घरांत ऐकू जाते, आणि उमेदवारी अर्ज भरलाच जात नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडच्या वाड्यांमधली ठाकूर किंवा कातकरी समाजाची सरपंच असेल, तर तिच्या हातात नेमकं कलम आहे. २०१५ साली अॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत सदस्याला किंवा सरपंचाला धमकावणं, कामापासून अडवणं हा वेगळा गुन्हा झाला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. मुस्लिम सदस्य बाईसाठी असं खास कलम नाही, आणि ते असायला हवं असं मला ठामपणे वाटतं. तोवर तिला भारतीय न्याय संहितेचा आधार आहे. पाठलाग, विनयाचा अपमान करणारी भाषा, धमकी हे सगळं त्यात येतं. नाव लपवून धमकी दिली, तर मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

तेव्हा भगिनींनो, मेसेज आला तर तो पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ऑनलाइन त्रासासाठी राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन एक नऊ तीन शून्य, आणि जिवाला धोका वाटला तर एक एक दोन. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्याला तो नोंदवून घ्यावाच लागतो. आणि ग्रुपचे ॲडमिन ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगते: असा मेसेज आला की तो काढण्याआधी जपून ठेवा आणि त्या बाईला आधी फोन करा.