मागच्या चाकाची गळती

बचत गटाचा भाजीचा छोटा ट्रक आम्ही बायकाच सांभाळतो. मागच्या अ‍ॅक्सलखाली तेल दिसलं की आम्ही काय करतो, ते सांगतो.

आधी अ‍ॅक्सल पुसून कोरडा करायचा, एक फेरी मारायची, मग बघायचं. दाट, उग्र वासाचं ते गिअर ऑइल; पातळ ते ब्रेक ऑइल. शाफ्टच्या जोडापाशी ठिबकलं तर पिनियनचं सील, चाकाच्या आतून ओघळलं तर हबचं. सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करायचा. तो चिखलानं बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. बेअरिंग ढिलं असेल तर नवं सीलही टिकत नाही.

लायनर तेलकट झाले तर बदलायचेच. तसे ब्रेक घेऊन घाट उतरायचा नाही. भाजी एक दिवस थांबेल.